बेल आहे, पण वायर जोडलेली नाही

प्रश्न : माझ्या मोठ्या भावाला कॅन्सर झालाय. गाठीची डीएनए तपासणी केली, त्या रिपोर्टच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात टीएनएफआरएसएफ१०सी असं एका जीनचं नाव आहे आणि पुढे 'बदल आढळला, अर्थ निश्चित नाही' असा शेरा. नेटवर शोधलं तर कळलं की हा जीन पेशीचा मृत्यू रोखणारा डिकॉय रिसेप्टर बनवतो. तेव्हापासून झोप उडालीय. याच्यामुळेच त्या पेशी मरत नाहीयेत का? हा जीन बंद नाही का करता येणार? डॉक्टर म्हणाले तिकडे लक्ष देऊ नका, पण लक्ष जातंच ना.

उत्तर : आधी जे महत्त्वाचं ते सांगते. त्या एका ओळीवरून तुमच्या भावाच्या आजाराबद्दल चांगलं किंवा वाईट काहीच ठरत नाही, आणि डॉक्टर तुम्हाला टाळत नाहीयेत. पण नुसतं लक्ष देऊ नका म्हटल्याने कुणाच्याच जिवाला शांतता मिळत नाही, म्हणून हा जीन नेमकं काय करतो ते जरा सविस्तर लिहिते.

आपल्या इम्यून सिस्टीमच्या पेशींकडे ट्रेल नावाचं एक प्रोटीन असतं, १९९५ मध्ये ते पहिल्यांदा ओळखलं गेलं. नको असलेल्या किंवा बिघडलेल्या पेशीला 'आता मर' हा निरोप द्यायचं काम त्याचं. ते एकटं फिरत नाही, तिघांच्या जुडग्याने येतं आणि समोरच्या पेशीवरच्या डीआर४ किंवा डीआर५ या रिसेप्टरला, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रोटीनला, पकडतं. डीआर म्हणजे डेथ रिसेप्टर. दाराची बेल डोळ्यासमोर आणा, बटण बाहेर, वायर भिंतीतून आत आणि आत घंटा. बाहेर ट्रेलने बटण दाबलं की रिसेप्टरचा आतला भाग, ज्याला डेथ डोमेन म्हणतात, तो फॅड नावाच्या प्रोटीनला ओढून घेतो, फॅडला कॅस्पेज-८ नावाचं कात्रीसारखं एन्झाइम येऊन चिकटतं, ते कॅस्पेज-३ या दुसऱ्या कात्रीला जागं करतं आणि मग पेशीच्या आतलं सामान कातरलं जायला लागतं.

तुमच्या रिपोर्टमधला जीन जो रिसेप्टर बनवतो त्याचं बटण या खऱ्या बटणांसारखंच, ट्रेल फसतो इतकं सारखं, पण मागे वायरच नाही. नुसतं भिंतीवर चिकटवलेलं. आणि चिकटवलेलं म्हणजे अगदी शब्दशः, कारण डीआर४ आणि डीआर५ पेशीच्या पडद्यातून आरपार जातात, हा मात्र जीपीआय नावाच्या एका स्निग्ध शेपटीवर बाहेरच्या बाहेर लटकलेला असतो, आत त्याचं काहीच जात नाही. ट्रेल येतो, या बटणावर बोट ठेवतो आणि तिथेच अडकून राहतो, आत घंटा वाजत नाही. मी याला तोतया रिसेप्टर म्हणते, डिकॉयला आपल्याकडे याहून नेमका शब्द मला तरी सापडलेला नाही.

१९९७ मध्ये एकाच वर्षात वेगवेगळ्या लॅबना हा सापडला, म्हणून त्याला नावंही ढीगभर पडली, डीसीआर१, ट्रेल-आर३, ट्रिड, लिट, नंतर सीडी२६३. नेटवर यातलं कुठलंही नाव दिसलं तरी जीन तोच, पाच वेगळ्या भानगडी सापडल्या असं समजून घाबरू नका. त्या वर्षीचा एक प्रयोग मला फार आवडतो. रक्तवाहिनीच्या अस्तरातल्या नॉर्मल पेशी ट्रेल टाकला तरी सहसा मरत नाहीत. संशोधकांनी त्यांच्यावर एक एन्झाइम टाकलं जे फक्त ती जीपीआयची शेपटी कापतं. चिकटवलेली सगळी बटणं गळून पडली, आणि मग ट्रेल टाकल्यावर त्याच पेशी मरायला लागल्या. इतका साधा प्रयोग आणि इतकं स्पष्ट उत्तर!

तेव्हा असं वाटलं की झालं, कोडं सुटलं, नॉर्मल पेशींकडे तोतया असतो म्हणून त्या वाचतात, कॅन्सरच्या पेशींकडे नसतो म्हणून त्या मरतात. पण हे इतकं सरळ निघालं नाही. पुढे भरपूर कॅन्सर पेशी तपासल्या गेल्या तेव्हा तोतया किती आहे त्यावरून पेशी ट्रेलला दाद देईल की नाही हे सांगता येईना, कारण आत कॅस्पेज-८ ला अडवणारी दुसरी प्रोटीनंही असतात आणि बऱ्याचदा खरा अडसर तिथे असतो. आणि तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे. अनेक प्रकारच्या गाठींमध्ये हा जीन जोरात चालू नसतोच, उलट मेथिलेशनने, म्हणजे डीएनएवर बारीक रासायनिक टोप्या बसून, तो बंद पडलेला सापडतो. शिवाय तो क्रोमोसोम ८ च्या आखूड भुजेवर आहे, तिथेच शेजारी डीआर४, डीआर५ आणि दुसरा तोतया डीसीआर२ यांचे जीन आहेत, आणि क्रोमोसोमचा हा तुकडा अनेक कॅन्सरमध्ये गळून गेलेला असतो. तुकडा गेला की खरी बटणं आणि खोटी बटणं दोन्ही जातात. म्हणजे 'हा जीन आहे म्हणून पेशी मरत नाहीत' हा हिशोब बसत नाही.

'अर्थ निश्चित नाही' या शेऱ्याचा अर्थ एवढाच, बदल दिसला पण त्याने काही बिघडतं की नाही हे सांगायला पुरेसा पुरावा नाही. या जीनवर थेट काम करणारं औषध आज वापरात नाही, त्यामुळे तो बंद करण्याचा प्रश्न उपचारात येत नाही. पुढच्या भेटीत डॉक्टरांना एवढंच विचारा की रिपोर्टमधल्या कुठल्या बदलांवर उपचार ठरतायत, आणि त्या ओळी त्यांच्याकडून समजून घ्या. तुमची काळजी तिथे कामी येईल. भावाला माझ्याकडून मनापासून शुभेच्छा.

प्रश्न : मी बायोलॉजीची स्टुडंट आहे. मरणाचा निरोप पण शरीरच पाठवतं आणि तो अडवणारा तोतया पण शरीरच बनवतं, हे विचित्र नाही का? आणि उंदरांवर प्रयोग करून याची उत्तरं मिळत नाहीत का?

उत्तर : विचित्र वाटतं खरं, पण ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकाच गाडीत असतात ना. ट्रेल काही एकाच पेशीचा पत्ता घेऊन निघत नाही, आजूबाजूच्या चांगल्या पेशींनाही तो भेटणारच. त्यामुळे निरोप कुणाच्या आत पोचू द्यायचा हे ठरवायच्या अनेक जागा हव्यात आणि तोतया ही त्यातली अगदी बाहेरची जागा, दाराबाहेरची.

एकदा तरी कल्चरमधली, म्हणजे लॅबमध्ये डिशमध्ये वाढवलेली, पेशी मायक्रोस्कोपखाली मरताना बघ. डिशला पसरून चिकटलेली चपटी पेशी आधी कडा सोडते, गोल होते, मग तिच्या पडद्यावर फुगे यायला लागतात, उकळी फुटल्यासारखे, केंद्रकाचे तुकडे होतात आणि शेवटी पडद्यात गुंडाळलेल्या छोट्या छोट्या पुड्या उरतात. शरीरात या पुड्या शेजारच्या पेशी गिळून टाकतात, ना सूज ना सांडलवंड. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा तासभर आयपीसवरून डोळा निघाला नव्हता. यालाच ॲपॉप्टोसिस म्हणतात, १९७२ मध्ये हा शब्द वापरात आला, मूळ ग्रीक, झाडावरून पानं गळणं असा अर्थ. इतकं शिस्तीतलं मरण चुकीच्या पेशीला आलं तर परत फिरणं अवघड, म्हणून आधीच अडवलेलं बरं.

तोतयेही सगळे एका साच्यातले नाहीत हे लक्षात ठेव. डीसीआर२ ची वायर आत जाते पण मध्येच तुटलेली, डेथ डोमेन अर्धवट, आणि तो डीआर५ च्या घोळक्यात घुसून तिथलं काम बिघडवतो असं दिसलंय. डीसीआर३ तर भिंतीवरही नाही, तो सुटा होऊन बाहेर तरंगतो आणि ट्रेलऐवजी फास लिगँडला, म्हणजे मरणाचा निरोप देणाऱ्या दुसऱ्या एका प्रोटीनला, पकडतो. १९९८ च्या अभ्यासात फुफ्फुस आणि मोठ्या आतड्याच्या ३५ गाठी तपासल्या तर जवळपास निम्म्यांमध्ये डीसीआर३ च्या जीनच्या जादा कॉपी होत्या, तेव्हा कॅन्सरच्या बाजूने झुकणारा तोतया म्हणून बोट दाखवायचंच तर याच्याकडे दाखव.

उंदरांचं म्हणशील तर इथे ते आपली अडचण करतात. माणसात ट्रेलचे दोन डेथ रिसेप्टर, उंदरात एकच, आणि डीसीआर३ त्यांच्याकडे नाहीच. १९९९ मध्ये उंदरांत वाढवलेल्या माणसाच्या गाठी ट्रेलने आक्रसल्या आणि उंदरांना काही झालं नाही, सगळीकडे आनंद झाला, पण पुढच्याच वर्षी ट्रेलच्या एका प्रकाराने माणसाच्या लिव्हरच्या पेशी डिशमध्ये मेल्या. उंदराच्या लिव्हरने हे सांगितलं नव्हतं. नंतर माणसांवरच्या ट्रायल्समध्ये ट्रेलचं औषध एकंदर सहन झालं पण उपयोग फार तोकडा दिसला, ते रक्तात टिकतही नव्हतं, अर्ध्या-एक तासात निम्मं संपायचं. मला याचं आजही वाईट वाटतं, कारण कल्पना खरंच सुंदर होती.

प्रश्न : मग तोतया रिसेप्टरचंच औषध का बनवत नाहीत?

उत्तर : बनवलंय, आणि ते वापरातही आहे! एटानरसेप्ट. ट्रेलचा भाऊबंद म्हणजे टीएनएफ, तो सांध्यांना सूज आणतो. त्याच्या रिसेप्टरचा फक्त बाहेरचा भाग घेतला, तो रक्तात टिकावा म्हणून अँटिबॉडीच्या शेपटाला जोडला आणि इंजेक्शनने द्यायला लागले. टीएनएफ त्याला जाऊन चिकटतो आणि पेशीवरच्या खऱ्या रिसेप्टरपर्यंत पोचत नाही. १९९८ मध्ये अमेरिकेत ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिससाठी त्याला मंजुरी मिळाली.