चित्र विकलं म्हणजे नक्की काय विकलं?

दिवाळी अंकांची कामं हातावेगळी झाली की चित्रकारांना आपली जुनी चित्रं आठवतात आणि चित्रांपाठोपाठ मी आठवते. या खेपेला वाचकांकडून आलेले निम्म्याहून अधिक प्रश्न एकाच गोंधळातून आले आहेत. चित्राचा कागद ही एक वस्तू आणि त्या चित्राच्या प्रती काढायचा हक्क, म्हणजे कॉपीराइट, ही दुसरी वस्तू. दोन्ही वेगवेगळ्या विकता येतात, आणि बहुतेक जण एक विकताना दुसरी नकळत देऊन टाकतात. ओळख पटेल असे तपशील काढून प्रश्न छापले आहेत. मी वकील आहे, चित्रकार नाही, म्हणून "किंमत किती लावू?" विचारणाऱ्या पाच जणांना उत्तर मिळणार नाही.

राक्षस आणि पऱ्यांची माझी चित्रं कॉपीराइटची नोंदणी न करताच इन्स्टाग्रामवर टाकली. हक्क गेला का? (सांगली)

नाही. चित्र कागदावर उतरलं तेव्हाच हक्क जन्माला आला. नोंदणी ऐच्छिक आहे. एका चित्राला ५०० रुपये शुल्क पडतं आणि पुढे वाद झाला तर ती पुरावा म्हणून कामी येते.

चित्र पाकिटात घालून रजिस्टर पोस्टाने स्वतःलाच पाठवायचं आणि पाकीट न फोडता ठेवायचं, ते कोर्टात चालतं, असं कळलं. खरं आहे का? (नाशिक)

कुणाकडून कळलं? दर महिन्याला किमान एकाला हे 'कळतं'. आपल्या कायद्यात असा प्रकार कुठेही नाही. रिकामं पाकीट उघडंच पाठवून आत नंतर काहीही सरकवता येतं, एवढं न्यायाधीशांनाही सुचतं. शिवाय २०२५ साली रजिस्टर पोस्ट ही सेवाच स्पीड पोस्टात विलीन झाली आहे, म्हणजे हा सल्ला किती शिळा आहे ते बघा. त्यापेक्षा कच्ची रेखाटनं, रंगांच्या चाचण्यांचे चिटोरे, थरांसकट मूळ फाइल आणि तारखांचे ईमेल जपून ठेवा. चोराकडे फक्त शेवटचं चित्र असतं, आधीची खाडाखोड नसते.

ऑनलाइन टाकताना चित्राचा आकार किती ठेवावा? (पणजी)

लांब बाजू १२०० पिक्सेलच्या आसपास पुरे. फोनवर चित्र छान दिसतं, पण ३०० डीपीआयने (एका इंचात ३०० ठिपके) छापायला गेलं तर जेमतेम चार इंच भरतं. ए४ आकाराच्या चांगल्या प्रिंटला २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात. ती फाइल पैसे आल्याशिवाय कुणालाही पाठवू नका, 'फक्त बघायला' मागितली तरीही. सही कोपऱ्यात करू नका, कोपरे कापले जातात.

ढगांत चरणाऱ्या म्हशींवर मी दोन वर्षं चित्रं काढून ऑनलाइन टाकत होते. ती पाहून एका प्रकाशकाने लेखकाकडून गोष्ट लिहून घेतली आणि माझ्याकडून ३२ पानांचं पुस्तक रंगवून घेतलं. एकरकमी ४०,००० रुपये मिळाले, व्हाउचरवर सही केली. आता मी त्या म्हशींच्या प्रिंट विकते तर प्रकाशक म्हणतात, सगळे हक्क आमचे. चित्रं तर मी काढली! (पुणे)

बसा. हे लांबणार आहे.

"चित्र मी काढलं म्हणून हक्क माझा" हे साधारणपणे बरोबर आहे आणि नेमकं तुमच्यासारख्यांच्या बाबतीत धोक्याचं आहे. कॉपीराइट कायदा १९५७ सालचा. त्याचं कलम १७ सांगतं की कृतीचा पहिला मालक तिचा कर्ता. लोक इथवर वाचतात आणि पान मिटतात. पुढे अपवाद आहेत. त्यातला एक असा की कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन पेंटिंग किंवा पोर्ट्रेट काढलं असेल आणि उलट करार नसेल, तर पहिला मालक पैसे देणारा. चित्रकार नव्हे. "करार कशाला, आपली ओळख आहे की" म्हणून तुम्ही गप्प बसता, तेव्हा ती गप्प जागा कायदा भरून काढतो, आणि तुमच्या विरुद्ध भरतो. कादंबरी लिहून देणाऱ्या लेखकाला हा अपवाद लागू नाही. चित्रकाराला आहे. अन्याय वाटतो? मलाही वाटतो, पण मला काय वाटतं यावर कोर्ट चालत नाही.

आता बारकावे. अपवादात शब्द आहे पेंटिंग. कायद्याच्या व्याख्येत पेंटिंग आणि ड्रॉइंग हे वेगळे शब्द आहेत. मग शाईच्या रेषेतलं चित्र यात बसतं का? टॅबलेटवर रंगवलेलं बसतं का? वकील यावर दोन्ही बाजूंनी भांडू शकतात, आणि भांडणाचं बिल तुमच्या ४०,००० हून मोठं होईल. ज्या मुद्द्यावर आमची घरं चालतात, तो मुद्दा तुमच्या घरात येऊच न देणं शहाणपणाचं.

दुसरी गोष्ट तुमचं व्हाउचर. त्यावर "सर्व हक्कांसह" अशी ओळ आहे का? मला पाठवलेल्या फोटोत खालची बाजू कापली गेली आहे, आणि ही ओळ नेहमी खालीच असते, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत. हक्क लिहून द्यायचे तर कलम १९ प्रमाणे लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. कुठली कृती, कुठले हक्क, किती काळ, कुठल्या प्रदेशात आणि किती मोबदला, हे त्यात यायला हवं. काळ लिहिला नसेल तर ५ वर्षं धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. आणि हक्क घेणारा वर्षभर ते वापरलेच नाहीत तर, वेगळं काही ठरलेलं नसल्यास, त्या न वापरलेल्या हक्कांबाबतचं हस्तांतर संपतं. पुस्तक काढलं पण कार्टूनचे हक्क नुसते दाबून ठेवले, तर हे कलम उपयोगी पडतं. फक्त लक्षात ठेवा, प्रकाशक मुळातच पहिला मालक ठरला तर त्याला या कागदाची गरजच उरत नाही. म्हणून दोन्ही मुद्दे एकत्र तपासावे लागतात.

तुमच्या बाजूने एक भक्कम गोष्ट आहे. म्हशी आधी आल्या, प्रकाशक नंतर. दोन वर्षं आधीची चित्रं कुणाच्या सांगण्यावरून काढलेली नाहीत; लिहून दिलेली नसतील तर ती तुमचीच. तेव्हा प्रिंट कुठल्या चित्रांच्या विकताय ते आजच वेगळं करा. जुन्या पोस्टच्या तारखा दिसतील असे स्क्रीनशॉट घ्या. पुस्तकातल्या पानांच्या प्रिंट तूर्त थांबवा. "मग मी तुम्हाला बघून घेईन" असला मेसेज प्रकाशकांना पाठवू नका, आणि पाठवला असेल तर पुसू नका. व्हाउचरची पूर्ण प्रत घेऊन वकिलाला भेटा. माझ्याकडेच आलं पाहिजे असं नाही, पण कॉपीराइटचं काम करणाऱ्याकडे जा. जमिनीचे दावे चालवणाऱ्या काकांकडे नको.

बाकीच्यांसाठी एवढंच, की काम सुरू करण्याआधी, आगाऊ रक्कम घेण्याआधी, दोन्ही बाजूंच्या सहीने चार ओळी लिहा. मूळ चित्रं आणि कॉपीराइट चित्रकाराचा. प्रकाशकाला परवाना मराठी छापील पुस्तकाचा, इतक्या वर्षांसाठी, भारतासाठी. भाषांतर, ई-पुस्तक, खेळणी, ॲनिमेशन यांचं वेगळं ठरेल. आवृत्ती निघाली की इतकं मानधन. याला प्रकाशक रागावतात असं ऐकते. चांगले प्रकाशक रागावत नाहीत.

पुस्तक छापून तीन वर्षं झाली. मूळ जलरंगातली चित्रं अजून प्रकाशकांकडेच आहेत. मागणं बरं दिसेल का? (कोल्हापूर)

तीन वर्षं? आज मागा. लेखी मागा.

माझे वडील मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढत. उडते गालिचे, बोलणारे पोपट, सात शिरांचे नाग. पोस्टर कलरमधली ती चित्रं छापखान्यात जायची आणि तिथेच राहायची. परत मागणं त्यांना हलकेपणाचं वाटे. पुढे त्या छापखान्याचा पोटमाळा रिकामा केला तेव्हा चित्रं रद्दीत गेली, किलोच्या भावाने. आमच्याकडे आज छापील पानं आहेत, रंग एकमेकांवरून घसरलेली. मी या धंद्यात का आले असं कुणी विचारलं तर हेच सांगते.

त्या काळी मूळ चित्राला गिऱ्हाईक नव्हतं, आज आहे. कायद्यात आणखी एक तरतूद आहे, तीही फार जणांना माहीत नसते. मूळ चित्र पुढे १०,००० रुपयांहून जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं तर त्या किमतीत चित्रकाराचा किंवा त्याच्या वारसांचा वाटा असतो, जास्तीत जास्त १० टक्के. पण तो मिळायला चित्रकार कलम १७ खाली पहिला मालक असावा लागतो. पुण्याच्या बाईंना दिलेलं उत्तर परत वाचा. आणि चित्रं हाती आली की पेटीत घालण्याआधी स्कॅन करा. पावसाळ्यात कोल्हापुरात बुरशीला कलम लागत नाही.

मी एक मूळ चित्र ६,००० रुपयांना विकलं. घेणाऱ्याने माझी सही कापून, अर्धा ड्रॅगन काढून टाकून, त्याची वाढदिवसाची कार्डं छापली. म्हणतो, मी विकत घेतलंय. (ठाणे)

त्याने कागद विकत घेतला. भिंतीवर लावू शकतो, पुढे विकू शकतो, कार्डं छापू शकत नाही. सही आणि मोडतोडीचा मुद्दा तर वेगळाच. कलम ५७ प्रमाणे कृतीवर आपलं नाव असण्याचा आणि प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड थांबवण्याचा हक्क कॉपीराइट विकल्यावरही कर्त्याकडेच राहतो. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचं भित्तिशिल्प सरकारने उतरवलं, त्याची हेळसांड झाली. २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने अवशेष परत करायला आणि ५ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. समोर केंद्र सरकार होतं, तुमच्यासमोर कार्डवाला आहे. एक कार्ड पावतीसकट विकत घ्या आणि वकिलाकडून नोटीस पाठवा. पुढच्या विक्रीला पावतीवर लिहा: "प्रतिकृतीचे हक्क चित्रकाराकडे."

एका गाजलेल्या इंग्रजी सिनेमातला ड्रॅगन माझ्या शैलीत काढून मुलांच्या खोलीसाठी विकू शकतो ना? (मुंबई)

नाही.

मग आपल्या गोष्टी? भोपळ्यात बसून लेकीकडे जाणारी म्हातारी, वेताळ वगैरे? (मुंबई, तेच वाचक)

खुशाल. लोककथा कुणाच्या मालकीची नसते. मात्र कुणा लेखकाने आपल्या शब्दांत सांगितलेलं रूप किंवा कुणा चित्रकाराने घडवलेला वेताळ त्यांचा असू शकतो; लेखक-चित्रकार गेल्यानंतरही ६० वर्षं. भोपळा स्वतःच्या डोक्यातून काढा.

माझ्या पंखवाल्या उंटाची दुसऱ्याने नक्कल केली. तो म्हणतो ३० टक्के बदल केला की चालतं. अडीच वर्षं वाट पाहिली, लाज वाटून थांबेल असं वाटलं. (छत्रपती संभाजीनगर)

३० टक्के कशाने मोजले, फूटपट्टीने? असा कुठलाही आकडा कायद्यात नाही. पंख असलेला उंट ही कल्पना कुणाच्याही बापाची नाही, तुमचीही नाही. तुमचा उंट ज्या रूपात उतरला ते रूप तुमचं. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात घालून दिलेली कसोटी सोपी आहे: दोन्ही कृती पाहून सामान्य माणसाला दुसरी पहिलीची नक्कल वाटते का? दोन्ही चित्रं शेजाऱ्याच्या मुलीला दाखवून बघा.

खरा प्रश्न अडीच वर्षांचा. दाव्याची मुदत उल्लंघनापासून ३ वर्षं असते. नवी विक्री झाली की नवं उल्लंघन, असं आम्ही म्हणतो, पण उशिरा येणाऱ्याला ताबडतोबीचा मनाई हुकूम मिळणं अवघड जातं. या आठवड्यात वकील गाठा.

प्रिंटवर "५० पैकी" असे आकडे घालून विकल्या. संपल्या. अजून २० काढू का? (बेळगाव)

काढू नका. ५० म्हणालात ना?

परदेशातला एक जण माझी चित्रं एनएफटी (मालकीची डिजिटल नोंद) म्हणून मोठ्या रकमेला घेतो म्हणतो. आधी मी एका साइटवर थोडं शुल्क भरायचं आहे. (रत्नागिरी)

गिऱ्हाईक पैसे देतं, मागत नाही. ब्लॉक करा. "पैसे घेण्यासाठी क्यूआर स्कॅन करून पिन टाका" म्हणणारा याचाच भाऊ. आधीच भरले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, उद्या नाही.

चित्रं कॉफीच्या मगांवर आणि चादरींवर छापायची आहेत. २०० मगांची ऑर्डर आहे. (सोलापूर)

छापण्याआधी भेटा, नंतर नको. नोंदवण्याजोगं डिझाइन न नोंदवता वस्तूंवर कारखानी पद्धतीने ५० हून अधिक वेळा छापलं तर त्या डिझाइनमधला कॉपीराइट संपतो, असं कलम १५ म्हणतं. तुमचं चित्र 'चित्र' राहतं की 'डिझाइन' होतं, हे वस्तू आणि वापर पाहून ठरतं. एका परिच्छेदात सांगण्यासारखं नाही. डिझाइनची नोंदणी माल बाजारात जाण्याआधी करावी लागते. आणि जीएसटीचं सीएला विचारा.

माझी १२ वर्षांची मुलगी समुद्राखालच्या गावाची फार सुंदर चित्रं काढते. एका स्पर्धेच्या नियमात लिहिलंय, "सर्व प्रवेशिका आयोजकांच्या मालकीच्या होतील." पाठवू का? (जळगाव)

"सर्व" हा शब्द पाहा. जिंकणाऱ्यांच्या नव्हे, सगळ्यांच्या. हजारो मुलांची चित्रं फुकटात गोळा करून कॅलेंडर आणि वह्या काढायचा हा जुना धंदा आहे. चित्राची मालक तुमची मुलगी आहे, वय काहीही असो; अल्पवयीन मुलाने केलेला करार मात्र कायद्याने टिकत नाही, म्हणून सही तुमची मागतात. आयोजकांना लिहून विचारा की फक्त प्रदर्शन आणि निकालाच्या प्रसिद्धीपुरती परवानगी दिली तर चालेल का. हो म्हणाले तर मूळ चित्र घरी ठेवून स्कॅन पाठवा. उत्तरच आलं नाही तर पाठवू नका, आणि न पाठवण्याचं कारण तिला सांगा. बारा वर्षांच्या मुलीला ते समजतं.