पेनी रेडवरचा ७७ क्रमांक कसा तपासावा

आजोबांच्या संग्रहातील व्हिक्टोरिया राणीच्या तांबड्या एक पेनी तिकिटांपैकी एकावर ७७ हा आकडा दिसतो, तेव्हा ते दुर्मिळ ‘प्लेट ७७’चे असेल का आणि ती सगळी तिकिटे पाण्यात भिजवून स्वच्छ करावीत का, असे आपण विचारले आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा ‘नाही’ असेच येईल. मात्र ते आपले आपण पडताळून पाहण्यात या छंदाचा खरा आनंद आहे.

प्लेट म्हणजे तिकिटे छापण्याचा धातूचा ठसा. तिच्यावरून छापलेल्या एका शीटमध्ये प्रत्येकी १२ तिकिटांच्या २० ओळी, म्हणजे एकूण २४० तिकिटे असत. प्रत्येक तिकिटाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातील अक्षरावरून ओळ कळते आणि उजव्या अक्षरावरून त्या ओळीतील जागा. १८६४ पासून वरच्या कोपऱ्यांतील ताऱ्यांच्या जागी हीच अक्षरे उलट क्रमाने आली, कारण दोन वापरलेल्या तिकिटांचे शिक्का न लागलेले तुकडे जोडून ‘नवे’ तिकीट बनवणाऱ्यांना आळा घालायचा होता. त्याच तिकिटांच्या डाव्या-उजव्या नक्षीपट्टीत प्लेटचा क्रमांक अगदी बारीक, उभा कोरलेला असतो. हे क्रमांक ७१ पासून २२५ पर्यंत आढळतात. ७७ ही प्लेट सदोष ठरल्याने बाद झाली होती, परंतु तिची काही तिकिटे बाहेर पडली आणि आज त्यांतली मोजकीच ज्ञात आहेत.

आता किमान दहापट मोठे दाखवणारे भिंग घेऊन दोन्ही बाजूंचे आकडे स्वतंत्रपणे पाहा. सर्वांत नेहमीची लबाडी म्हणजे १७७ मधला १ खरवडून किंवा रंगवून नाहीसा करणे. तसे केले असल्यास उरलेले दोन ७ पट्टीच्या मध्यावर न राहता एका टोकाकडे सरकलेले दिसतात आणि १ च्या जागी नक्षीच्या रेषा तुटलेल्या किंवा पुसट असतात. कित्येकदा लबाडी नसतेही. शिक्क्याची शाई १ वर आलेली असते किंवा ७३ मधला ३ अर्धवट उमटलेला असतो. दोन्ही बाजू निःसंशय ७७ दाखवत असतील, तरच लंडनच्या रॉयल फिलाटेलिक सोसायटीसारख्या मान्यवर संस्थेच्या तज्ज्ञ समितीकडे तिकीट पाठवण्याचा खर्च करावा. प्रमाणपत्राविना अशा तिकिटाला, विक्रेत्याने काहीही सांगितले तरी, मी मोल देणार नाही.

भिजवण्याची घाई मात्र करू नये. पेनी रेडची शाई साध्या पाण्याला सहसा दाद देत नाही, परंतु त्याच पेटीत १८८३-८४ मधील जांभळी आणि हिरवी तिकिटे असतील तर त्यांचा रंग पाण्याने हमखास उतरतो, कारण शिक्का पुसून तिकीट पुन्हा वापरता येऊ नये म्हणून ती मुद्दाम कच्च्या शाईत छापली होती. पाकिटावर चिकटलेले तिकीट तर मुळीच सोडवू नये.

माझ्या मते आपल्या पेटीत शोधण्यासारखी अधिक आशेची गोष्ट शिक्क्यांमध्ये आहे. ब्रिटिश तिकिटे परदेशातील ब्रिटिश डाकघरांतही वापरली जात, आणि शिक्क्यातील संकेतावरून ते ठिकाण ओळखता येते: ए२५ म्हणजे माल्टा, ए२६ म्हणजे जिब्राल्टर, बी०१ म्हणजे अलेक्झांड्रिया आणि बी०२ म्हणजे सुवेझ. मुंबईची विलायती डाक सुवेझवरूनच जात असल्याने आपल्याकडच्या संग्राहकांना बी०२ चे विशेष अप्रूप वाटते. सामान्य प्लेटच्या तिकिटावर असा शिक्का स्पष्ट उमटलेला मिळाला, तर त्याची किंमत नुसत्या तिकिटाहून कितीतरी अधिक ठरते. तेव्हा पुढच्या वेळी छायाचित्रे पाठवताना राणीच्या मुखाऐवजी शिक्का आणि दोन्ही कडेच्या पट्ट्या जवळून टिपाव्यात, म्हणजे अधिक नेमके सांगता येईल.