'काकू'ला 'तातू' म्हणणारी मुलं आणि चार वर्षांचा अभ्यास

वाचकांचे प्रश्न : या वेळचा विषय स्पीच थेरपीचं शिक्षण. उत्तरं देत आहेत साताऱ्यात सव्वीस वर्षं वाचा आणि श्रवणाचं काम करणाऱ्या आमच्या सल्लागार.

प्रश्न : मी बारावी सायन्सला आहे, बायॉलॉजी घेतलंय. गेल्या वर्षी आजोबांना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांची वाचा गेली. सांगलीला एका मॅडमकडे आम्ही त्यांना आठवड्यातून दोनदा न्यायचो. आता ते घरातल्या सगळ्यांची नावं घेतात. तेव्हापासून मला हेच शिकायचंय. बाबा म्हणतात, बोलायला शिकवायचं त्यात कसलं कॉलेज, त्यापेक्षा बीएएमएस कर. काय करू?
– एक विद्यार्थिनी, इस्लामपूर

बाळ, बाबांना एक गोष्ट सांग.

माझ्या टेबलाच्या खणात एक प्लास्टिकची कार आणि वीतभर तार कायम असते. चार-साडेचार वर्षांचं मूल येतं. काकूला 'तातू' म्हणतं, 'काप'ला 'ताप' म्हणतं. घरच्यांनी तोवर वेखंड उगाळून चाटवलेलं असतं, कुणीतरी जिभेखालची तार कापून घ्यायला सांगितलेलं असतं. मी दोन्ही वस्तू समोर ठेवते. मूल म्हणतं, 'तार दे.' मी तार देते. ते चिडतं, 'तार नाही, तार!' मी पुन्हा तारच पुढे करते. तिसऱ्या-चौथ्या वेळी ते थांबतं आणि माझ्या तोंडाकडे बघायला लागतं. आपल्या शब्दामुळे चुकीची वस्तू हातात येते आहे, हे त्याला त्या क्षणी कळतं. मग जिभेचं टोक चमच्याने अलगद खाली धरायचं, घशात पाणी घोळवून गुळण्या करायला लावायच्या, जीभ मागून उचलली जाते याची जाणीव करून द्यायची. कधी दुसऱ्या आठवड्यात, कधी दुसऱ्या महिन्यात एक खरखरीत 'क' येतो. त्या दिवशी आई दारातच रडते.

हा खेळ कुणालाही जमेल असं वाटतं. पण खेळ सुरू करण्याआधी मला काय काय ठाऊक असावं लागतं ते बघ. 'क'चा 'त' पुष्कळ मुलं करतात आणि साडेतीन-चार वर्षांपर्यंत ते बहुतेकांचं आपोआप जातं, म्हणजे कुणाला हात लावायचा आणि कुणाला नाही हे कळलं पाहिजे. कान तपासलेले हवेत. टाळूला फट नाही ना, हे बॅटरी घेऊन बघायला हवं. त्याला 'क' आणि 'त' यांतला फरक ऐकू येतो पण काढता येत नाही, की मुळात कळतच नाही, हेही शोधावं लागतं, कारण दोन्हींचे उपाय निराळे. म्हणूनच या पदवीत शरीररचना, ध्वनीचं भौतिकशास्त्र, भाषाविज्ञान आणि मानसशास्त्र एकत्र शिकवतात.

पदवीचं नाव बीएएसएलपी. बॅचलर इन ऑडिओलॉजी अँड स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजी. तीन वर्षं शिक्षण आणि चौथं वर्ष इंटर्नशिप. कान आणि वाचा दोन्ही विषय शिकायचे असतात, नंतर एमएस्सीला दोन वर्षांत त्यातला एक निवडता येतो. मूल बोलत नाही इथपासून ते तंबाखूच्या कॅन्सरने स्वरयंत्र काढलेल्या माणसाला नवा आवाज मिळवून देण्यापर्यंत आणि झटक्यानंतर घास गिळताना ठसका लागणाऱ्या आजीपर्यंत सगळे या कामात येतात. गिळण्याचं काम आपल्याकडे आहे, हे तर डॉक्टर मंडळींपैकीही अनेकांना सांगावं लागतं.

तुझ्या आजोबांना झालं त्याला अफेझिया म्हणतात. 1861 साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या शल्यविशारदाने अशा एका रुग्णाचा मेंदू तपासला. तो माणूस काहीही विचारलं तरी फक्त 'तान' म्हणायचा. मेंदूच्या डाव्या बाजूचा पुढचा भाग बिघडलेला निघाला. पहिल्या वर्षी हे वाचताना मला ते इतिहासातलं वाटलं होतं. इंटर्नशिपमध्ये एक निवृत्त गुरुजी आले. समोर पेन धरलं तर शब्द सुचेना, डोळ्यांत पाणी यायचं. माझ्या सरांनी सहज 'बे एके बे' म्हटलं आणि गुरुजींनी 'बे दुणे चार' पासून 'बे दाहे वीस'पर्यंत न अडखळता म्हणून दाखवलं. पाठ केलेलं बोलणं आणि जुळवून बोलणं मेंदू निरनिराळ्या वाटांनी करतो, हे मी त्या दुपारी शिकले. त्या पाढ्याचा हात धरूनच आम्ही पुढे 'चार', मग 'चहा', मग 'चहा दे' इथवर आलो. दहा आठवडे लागले.

आता कॉलेज. मुंबईत नायर रुग्णालयाला जोडलेलं टोपीवाला नॅशनल मेडिकल कॉलेज आहे. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, 1983 पासूनची. पुण्यात भारती विद्यापीठात हा कोर्स आहे. राज्यातले बहुतेक प्रवेश नीटच्या गुणांवर सीईटी सेलमार्फत, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षा कक्षामार्फत होतात, म्हणून नीटचा अर्ज चुकवू नकोस आणि त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाच. म्हैसूरची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ स्पीच अँड हिअरिंग 1960च्या दशकातली, देशभरातून मुलं जातात. तिची प्रवेशप्रक्रिया वेगळी असते, तीही बघून ठेव.

नावाला मात्र भुलू नकोस. एका सकाळी जाऊन ओपीडीच्या बाहेर बस आणि नंबर लावलेली माणसं मोज. शेवटच्या वर्षाच्या मुलींना विचार, पेशंट पहिल्यांदा हातात कधी आला, सोबत शिक्षक उभे होते का. जिथे पेशंट कमी, तिथे तू पुस्तकं पाठ करशील आणि पहिल्या खऱ्या मुलासमोर हात थरथरतील. दुसरं भाषेचं. पुस्तकं सगळी इंग्रजीत आहेत, पण 'ळ' आणि 'ल', 'ण' आणि 'न' यांचा घोटाळा कुठलंही अमेरिकन पुस्तक सोडवणार नाही. इस्लामपूरच्या आजीचं बोलणं तपासायला तिची मराठी कानात असावी लागते, आणि ती तुझ्या कानात आहे. म्हैसूरला गेलीस तर पेशंटसाठी आधी कन्नड शिकावं लागेल. ते वाईट नाही, पण माहीत असू दे.

बाबांना खरं तेही सांग. ही डॉक्टरकी नाही, नावाआधी 'डॉ.' लागत नाही, औषध लिहिता येत नाही. पहिली दोन-तीन वर्षं पगार मनासारखा नसतो. श्रवणयंत्राच्या विक्रीत लवकर पैसे मिळतात, म्हणून पुष्कळ मुली तिकडे वळतात. त्यांना मी दोष देत नाही, पण वाचेचं काम करणारी माणसं त्यामुळे कमी पडतात, ही मला लागलेली खंत आहे. सरकारी रुग्णालयं, जिल्ह्याजिल्ह्यांतली शीघ्र निदान व उपचार केंद्रं, कर्णबधिर मुलांच्या शाळा, कॉक्लिअर इम्प्लांटचे (ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने कानात बसवायच्या यंत्राचे) विभाग आणि स्वतःचं क्लिनिक, एवढ्या ठिकाणी या माणसांची गरज आहे. तालुक्याच्या गावी तर फारच.

प्रश्न : मी बी.ए. मराठी, वय 27, बालवाडी चालवते. तीन महिन्यांचा ऑनलाइन 'स्पीच थेरपिस्ट' कोर्स करून वर्ग सुरू करू का? – एक शिक्षिका, नांदेड

ताई, करू नका. साडेचार वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे आला होता. आधी दोन वर्षं तो अशाच एका प्रमाणपत्रवाल्यांकडे जात होता. रोज आरशासमोर बसवून 'आ-ई' म्हणवून घ्यायचे. कानाची तपासणी एकदाही झाली नव्हती. मी केली तेव्हा दोन्ही कानांना तीव्र बहिरेपणा निघाला. भाषा उचलण्याची सगळ्यांत मोलाची दोन वर्षं आरशासमोर गेली होती. त्याच्या आईने मला विचारलं, 'मी रोज नेत होते हो, माझं काय चुकलं?' तिचं काहीच चुकलं नव्हतं.

1992च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याप्रमाणे मान्य पदवी आणि परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव असल्याशिवाय हे काम करता येत नाही. एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. बीएएसएलपीला बारावी सायन्स लागतं आणि एमएस्सीला हीच पदवी लागते, म्हणून बी.ए.वरून थेट एमएस्सीला जाता येत नाही. अमेरिकेत दुसऱ्या विषयाचे पदवीधर आधी पायाभूत विषय पूर्ण करून मास्टर्सला जातात, आपल्याकडे ती सोय नाही. पण पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं विशेष बी.एड. तुम्हाला करता येईल, त्यात श्रवणदोष हा विभाग आहे. भाषेचीच ओढ असेल तर पुण्यात डेक्कन कॉलेजला भाषाविज्ञानाचं एम.ए. आहे. आणि बालवाडीत आजही एक काम तुमच्याच हातात आहे : दोन वर्षांचं होऊनही दोन शब्द न जोडणारं मूल दिसलं, तर 'मोठं झालं की बोलेल' न म्हणता त्याला कानाच्या तपासणीला पाठवा.

प्रश्न : मी स्वतः अडखळतो. मला हाच कोर्स करायचाय, पण व्हायव्हात आणि पेशंटसमोर काय होईल? – एक विद्यार्थी, चिपळूण

कर. वेंडेल जॉन्सन आणि चार्ल्स व्हॅन रायपर, अडखळण्यावर ज्यांचं लेखन आजही अभ्यासतात असे हे दोघे स्वतः अडखळत. दोघेही आयोवा विद्यापीठात शिकले. व्हॅन रायपरने अडखळणं लपवण्याऐवजी मुद्दाम, सावकाश, ताण न देता अडखळायला शिकवलं, आणि ते त्याला स्वतःच्या तोंडात उमगलं होतं.

व्हायव्हाला बसताच सांग, 'सर, मी अडखळतो, दोन मिनिटं जास्त लागतील.' एकदा सांगून झालं की लपवण्याचा अर्धा ताण जातो. आणि या आठवड्यात तुझ्या जवळच्या वाचा-श्रवण विभागात स्वतः फोन कर, भावाला करायला लावू नकोस. ओपीडी किती वाजता उघडते एवढंच विचार. मध्येच अडकलास तरी फोन ठेवू नकोस. पलीकडच्या माणसाला थांबण्याची सवय असते.