तिचं निवेदन तुम्ही वाचलंत का?

प्रश्न : माझी मुलगी इमर्जन्सी मेडिसीनमध्ये एमडी आहे, वय ३१. कॅज्युअल्टीत नोकरी करते. सुट्टीच्या दिवशी एका कॉस्मेटिक क्लिनिकमध्ये बोटॉक्स आणि फिलर शिकते, महिन्यातून एकदा मोफत आरोग्य शिबिराला जाते आणि हल्ली डॉक्टरांच्या संघटनेत पदाधिकारी झाली आहे. ड्युटीच्या तासांबद्दल प्रशासनाला दिलेल्या निवेदनावर पहिली सही तिची! तीन दगडांवर पाय ठेवून कसं चालेल? मी ठरवलं आहे की तिने फक्त कॉस्मेटिक करावं. रात्रपाळी नाही, कुणाच्या जिवाची जोखीम नाही, पैसाही चांगला. शिबिरं निवृत्तीनंतर, नेतेगिरी आजच बंद. नाइट करून आली की दार लावून बसते, धड बोलत नाही. तिला चार शब्द समजावून सांगा. (एक वडील)

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातली एक ओळ वाचून मी थांबले. नाइट करून आली की ती दार लावून बसते, हे तुम्ही जाता जाता लिहिलंत. त्याच्या थोडं वर ‘मी ठरवलं आहे’ असं लिहिलंत. ती काय म्हणते, तिला काय हवंय, याबद्दल अख्ख्या पत्रात एक शब्द नाही. कॅज्युअल्टीत एका वेळी आलेल्या दहा जणांपैकी आधी कुणाला बघायचं, कुणाला थांबवायचं, हे ती काही मिनिटांत ठरवते, आणि घरी आल्यावर तिच्या आयुष्याचं तुम्ही ठरवता. दार लागण्याचं एक कारण हे असू शकतं. कटू वाटेल, पण हे लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

दुसरं कारण साधा थकवा. पाळ्या सतत बदलल्या की झोपेची घडी बसतच नाही. त्यात एखाद्या आईला तिचं मूल गेल्याचं सांगायचं आणि पाचव्या मिनिटाला पुढच्या पेशंटची नाडी बघायची. अशा रात्रीनंतर गप्पा मारायला माणसात काही उरत नाही. पण हे आठवडेच्या आठवडे चाललं असेल, सुट्टीतही झोप लागत नसेल, आवडीचं कामही नकोसं झालं असेल, तर तिने मानसोपचारतज्ज्ञाला भेटायला हवं. तुम्ही हे नक्की सुचवा. सोबत यायचं की नाही, ते मात्र तिला विचारा.

नीट, एमबीबीएस, एमडी ही वाट ती चालून आली आहे, त्यावर मी काही लिहीत नाही. मला बोलायचंय ते ‘जिवाची जोखीम नाही’ या समजुतीबद्दल, कारण ती फार पसरली आहे. फिलर म्हणजे त्वचेखाली भरायचं जेल. सुई चुकून रक्तवाहिनीत गेली तर ते रक्तपुरवठा अडवतं. नाकाच्या आसपासची, भुवयांमधली जागा यासाठी विशेष धोक्याची. तिथली त्वचा काळवंडून मरू शकते आणि जेल डोळ्याच्या रक्तवाहिनीपर्यंत पोचलं तर दृष्टी कायमची जाऊ शकते. हायल्युरॉनिक ॲसिडचं फिलर असेल तर ते विरघळवायला हायल्युरॉनिडेज नावाचं एन्झाइम असतं, पण ते वेळेत, हाताशी आणि वापरता येणाऱ्याच्या हातात असावं लागतं. बधिर करण्याचं औषध प्रमाणाबाहेर गेलं तर झटके येतात, हृदयाचे ठोके बिघडतात. ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जीवघेणी ॲलर्जी, झाली तर क्षणभरही न घुटमळता मांडीच्या स्नायूत ॲड्रेनलिन द्यावं लागतं. अशा वेळी त्या खोलीत कोण असावं असं तुम्हाला वाटतं? मला विचाराल तर तुमच्या मुलीसारखी कॅज्युअल्टीत तयार झालेली डॉक्टर. तिने हे शिकावं, असं माझं मत आहेच. मात्र दोन दिवसांच्या कार्यशाळेच्या सर्टिफिकेटवर भागवू नये. चेहऱ्याची शरीररचना पुन्हा पाठ करावी, अनुभवी हाताखाली बरेच महिने काम करावं आणि आपल्या व्यावसायिक विम्यात हे काम धरलंय का, ते कागदावर तपासावं. आणखी एक अवघड गोष्ट तिला शिकावी लागेल, ती म्हणजे नकार देणं. स्वतःच्या चेहऱ्यात नसलेला दोष दिसणारी माणसं तिथे येतात. त्यांना सुईपेक्षा दुसरी मदत लागते.

रात्रपाळीतून सुटका एवढ्याच कारणासाठी ती तिकडे जाणार असेल, तर माझा विरोध आहे. थकवा आपोआप जात नाही, तो नव्या क्लिनिकमध्ये सोबत येतो.

शिबिरं निवृत्तीनंतर का? तपासणारे हात आज तयार आहेत. तिला माझं एवढंच सांगणं, की महिन्यागणिक नवं गाव धरू नकोस, एकाच ठिकाणी परत परत जा. रक्तदाबाच्या गोळ्या महिनाभराच्या देऊन आलो आणि पुढे कुणी विचारलं नाही, तर त्या पेशंटच्या पदरात काय पडलं?

आता नेतेगिरी. ज्या एमडीचा तुम्हाला अभिमान आहे, ती शाखाच डॉक्टरांनी भांडून मिळवली आहे. अमेरिकेत पूर्वी इमर्जन्सी विभागात ज्याची पाळी असेल तो डॉक्टर बसायचा, मग त्याचा विषय कोणताही असो. १९६१ मध्ये व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रियात जेम्स मिल्स आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी आपापली प्रॅक्टिस सोडून हेच काम पूर्णवेळ धरलं. १९६८ मध्ये अशा डॉक्टरांची संघटना झाली आणि १९७९ मध्ये तिथे या शाखेला स्वतंत्र विशेषज्ञ शाखेचा दर्जा मिळाला. मधली ११ वर्षं निवेदनं, बैठका आणि नकार पचवण्यात गेली.

आणि ड्युटीच्या तासांचं म्हणाल, तर एका वडिलांची गोष्ट सांगते. मार्च १९८४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये लिबी झायन ही १८ वर्षांची मुलगी तापाने फणफणली म्हणून रात्री इमर्जन्सी विभागात आणली गेली. सकाळी ती गेली. रात्री तिची जबाबदारी ज्या शिकाऊ डॉक्टरांवर होती, ते लांबलचक पाळीवर होते आणि त्यांना आणखी कितीतरी पेशंट बघायचे होते. तिचे वडील सिडनी झायन वकील होते, पत्रकार होते. त्यांनी हा प्रश्न वर्षानुवर्षं लावून धरला. १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्यात निवासी डॉक्टरांसाठी आठवड्याला ८० तासांची मर्यादा आली, २००३ मध्ये ती अमेरिकेभरच्या निवासी प्रशिक्षणाला लागू झाली. त्या बापाने आपलं लेकरू गमावल्यावर जे मागितलं, ते तुमची मुलगी आज, कुणी जाण्याआधी मागते आहे. पहिली सही तिची आहे, यात लाजण्यासारखं काय आहे?

तुम्ही तिला समजावायला सांगितलंत. ते मी करणार नाही. ते निवेदन तिच्याकडून मागून घ्या आणि एकदा नीट वाचा. सलग किती तासांची पाळी, मध्ये किती विश्रांती, रात्री एका डॉक्टरमागे किती पेशंट, हे त्यात लिहिलेलं असेल. दार का लागतं, त्याचं बरंचसं उत्तर तुम्हाला तिथे मिळेल. तिची झोप झाली की मग बोला, आणि पहिल्या दिवशी कॉस्मेटिकचा विषय काढू नका. त्यानंतरही करिअरबद्दल माझ्याकडून काही जाणून घ्यायचं असेल, तर पत्र तिला लिहू द्या.