नियम सैल केले तर आपण पुढे जाऊ?

प्रश्न : मी सांगलीत बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. स्टेम सेल, म्हणजे इतर पेशी घडवणाऱ्या मूळ पेशींच्या, संशोधनात जपान, कोरिया कुठल्या कुठे गेले आणि आपण नियमांत अडकलो, असं आमचे सर म्हणतात. सरकारनं नियम सैल करावेत का?

उत्तर : सरांची तळमळ कळते, पण मला हे मुळीच पटत नाही. कोरियाचंच बघा. फेब्रुवारी २००५ मध्ये तिथल्या टपाल खात्यानं एक तिकीट काढलं : व्हीलचेअरवरचा माणूस उठतो, चालू लागतो, शेवटी कुणाला तरी मिठी मारतो. ते तिथले स्टेम सेल संशोधक ह्वांग वू-सुक यांच्या संशोधनाच्या गौरवासाठी होतं. सरकारनं त्यांना पैसा दिला, ‘सर्वोच्च वैज्ञानिक’ म्हणून मिरवलं. शंका घेणाऱ्या पत्रकारांवर लोक तुटून पडले. आणि वर्ष सरता सरता कळलं, की रुग्णांच्या पेशींपासून बनवल्या म्हणून सांगितलेल्या ११ सेल लाइनपैकी (लॅबमध्ये वाढवत ठेवलेल्या पेशींच्या वंशांपैकी) एकही खरी नव्हती. या प्रयोगांसाठी स्त्रीबीजं दिलेल्यांत त्यांच्याच प्रयोगशाळेतल्या मुली होत्या. जपानमध्ये मात्र भ्रूणातून घेतलेल्या पेशींचे नियम कडक असतानाच, २००६ मध्ये, शिन्या यामानाका या संशोधकांनी उंदराच्या साध्या पेशींना स्टेम सेलच्या अवस्थेत परत नेलं.

सुरुवातीला आपणही मागे नव्हतो. ऑगस्ट २००१ मध्ये अमेरिकेनं सरकारी निधीसाठी पात्र ठरवलेल्या ६४ सेल लाइनपैकी १० मुंबई आणि बंगळुरूच्या होत्या. मग घोडं कुठे अडलं?

मी पुण्यात २६ वर्षं पेशी वाढवल्या. विसर्जनाला रस्ते बंद, म्हणून आदल्या रात्रीच लॅबमध्ये मुक्कामाला जायचे. पेशींना सुट्टी कळत नाही. पेशी ज्यात वाढतात ते गुलाबी द्रव, मीडियम, पिवळं पडलं की समजायचं, उशीर झाला. एकदा परदेशातून मागवलेलं, मीडियममध्ये घालायचं सीरम कस्टममध्ये नऊ दिवस पडून राहिलं. खोकं उघडलं तर ड्राय आइसचा मागमूस नाही, बाटल्या कोमट. त्याच वर्षी अनुदानाचा हप्ता मार्च अखेरीस आला आणि ३१ तारखेच्या आत खर्च दाखवायचा होता. एका मुलीची फेलोशिप सात महिने थकली. तिचा हात इतका हलका, की मीडियम बदलताना तळाचा पेशींचा थर जराही हलायचा नाही. ती शेवटी बँकेत लागली. आपली पीछेहाट मी अशी डोळ्यांनी पाहिली आहे.

२०१३ मध्ये आपल्या स्टेम सेल संशोधनाच्या मार्गदर्शक तत्त्वांच्या शीर्षकातून ‘उपचार’ हा शब्दच वगळला. रक्ताच्या आजारांतलं प्रत्यारोपण सोडलं, तर बाकी सगळं तेव्हा प्रयोगाच्याच पायरीवर होतं, म्हणून. ते योग्यच झालं. जाहिरातीला भुलून, शेत विकून लेकराला स्टेम सेलची इंजेक्शनं देणारे आईबाप माझ्याकडे रिपोर्ट घेऊन आले होते. त्यांच्यासमोर मला बोलता आलं नाही.

सरांना म्हणावं, अर्ज जरूर करा, पण हप्ता एप्रिलमध्ये मिळावा आणि सीरम दोन दिवसांत सुटावं म्हणून करा. त्यावर मीही सही करीन.