खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही

प्रश्न : ताई, आम्ही पाच मित्र रोज रात्री व्हॅलोरंट हा पाच विरुद्ध पाचचा गोळीबाराचा गेम खेळतो. दोघं सिडकोतले, बाकीचे सातपूर, पंचवटी आणि नाशिकरोडचे. डिफेन्सला असताना ए साइटवर, म्हणजे बॉम्ब लावायच्या एका जागी, गोळीबार झाला की चौघं तिकडे पळतात आणि स्पाइक, म्हणजे तो बॉम्ब, बीवर लागतो. तिथे सायफर (तारांचे सापळे लावणारं पात्र) घेऊन कायम मीच एकटा, म्हणून शिव्याही मलाच. आणि कुणी हललंच नाही, तर ए जाते. रोटेट, म्हणजे एक साइट सोडून दुसरीकडे जाणं, नेमकं कधी करायचं?
– वैतागलेला सायफर, सिडको

उत्तर : शिव्या तुला कशाला? पळाले ते चौघं!

मी पंचवटीत खो-खो खेळून वाढले. भाच्यामुळे माउस हातात आला तो पस्तिशीनंतर, आणि पहिला महिनाभर मीही आवाजामागेच धावत होते. मग शाळेतल्या बाई आठवल्या. धावणारी अगदी नाकासमोरून गेली, तरी बसलेल्यानं उठायचं नाही. मागून खो मिळाला की उठायचं, आणि खो देणाऱ्यानं त्याच जागी बसायचं. जागा रिकामी राहतच नाही. तुमच्याकडे उठतात सगळे, बसत कुणीच नाही.

तेव्हा एवाल्यानं किंचाळायचं नाही, मोजायचं : ‘तीन दिसले, स्पाइक नाही.’ उरलेले दोघं शिफ्ट दाबून चालत असतील तर त्यांची पावलं वाजणारच नाहीत, म्हणून नुसत्या आवाजावर हिशेब नको. पहिला खो मिडवाल्याला, म्हणजे दोन साइटच्या मध्ये उभा असतो त्याला, तो सगळ्यात जवळ. तो गेला की मिडवर कान ठेवायला तू थोडा पुढे सरक, मागे तुझ्या तारा आहेतच. फक्त मरू नकोस, सायफर मेला की तारा बंद पडतात.

बाकीच्यांनी हलायचं ते स्पाइक दिसल्यावर किंवा लागल्यावर. लागल्यापासून फुटायला ४५ सेकंद, निकामी करायला ७. म्हणजे हातात ३८ उरतात. तेवढ्यात एकमेकांसाठी थांबून, दोन वाटांनी, एकदम आत शिरता येतं. एकेक करून जायचं नाही, आणि पाचही जण एकाच वाटेनं तर नाहीच. संध्याकाळी सातला द्वारका चौकात ट्रॅफिकचं काय होतं, ते नाशिकरोडवाल्याला विचार. (हेवन या नकाशावर साइट तीन, तिथे बीवाला मधोमध असतो. तो हिशेब वेगळा, पुन्हा कधीतरी.)

राहिलं ते ‘कायम मीच’. २०१८ मध्ये ओजी संघानं डोटा २ या गेमची ‘द इंटरनॅशनल’ ही स्पर्धा जिंकली, तेव्हा त्यांच्याकडून ऑफलेन या जागेवर खेळणारा सेब आधी त्याच संघाचा कोच होता. त्याला जागा बदलता आली, तर तुम्हालाही येईल. आठवडाभर सायफर नाशिकरोडवाल्याकडे दे आणि तू ड्युएलिस्ट (पुढे होऊन लढणारं पात्र) घेऊन पहिला आत घुस. रँक्डमध्ये नको, जिथे रँक पणाला लागत नाही त्या अनरेटेडमध्ये. चार-पाच सामने हरालच. पण बीवर एकटा बसल्यावर त्याच्या तोंडून काय काय निघतं, ते तेवढं ऐकून घे.