मेळघाटात महिनाभर सेवेला जाताना

प्रश्न : माझी मुलगी आमच्या चर्चच्या मंडळीतर्फे जुलैमध्ये महिनाभर धारणीकडच्या कोरकू आदिवासींच्या गावांत सेवेला जात आहे. काय तयारी करावी?

उत्तर : ताई, सामानाला रेनकव्हर घातलं तरी पाठीच्या बाजूने आणि पट्ट्यांच्या शिवणीतून पाणी शिरतंच. म्हणून सॅकच्या आत जाड प्लास्टिकची पिशवी लावा. बायबल, वही आणि चार्जर तिच्यात पुन्हा वेगळ्या पिशवीत. चामडी बूट वाळत नाहीत, पट्ट्याच्या रबरी सँडल बऱ्या. गिटार घरीच राहू द्या, दमट हवेत लाकूड फुगतं.

पाणी आधी फडक्यातून गाळून मगच उकळावं. क्लोरीनची गोळी वापरली तर अर्धा तास थांबावं. गढूळ पाण्यात ती नीट काम करत नाही. ओआरएसचं पाकीट पाकिटावर लिहिलेल्या पाण्यातच घोळावं, अंदाजाने नको. मच्छरदाणी गादीखाली खोचावी. ताप आला तर त्याच दिवशी गावातल्या आशाताईंकडून (आरोग्य स्वयंसेविका) हिवतापाची तपासणी करून घ्यावी. नुसती प्रार्थना करून वाट पाहणं चूकच.

कोरकू भाषा मुंडा या वेगळ्याच भाषाकुळातली, त्यामुळे मराठीवरून अंदाज लागत नाही. हिंदीवर मात्र बरंच भागतं.